मशीन चालू होती का?

यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी घाबरले आणि यांना संशय आला. बड़ा गणपतीच्या देवळाजवळ यांचं पंपाच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान. सांवेर, हातोद अशा आसपासच्या गावांचे शेतकरी मोटर समोर फिरताना बघितल्याशिवाय उचलायचे नाहीत. तीच सवय घेऊन हे रेडिएशनला गेले.

पहिल्या दिवशी शर्टाची बटणं लावतच बाहेर आले. "काहीच नाही झालं. ना गरम लागलं, ना झटका. मला तर लगता है मशीन बंदच होती."

"घरघर ऐकू आली ना?"

"घरघर तर आपला कूलरपण करतो."

मग एकदा मशीन चालवणाऱ्या बाईंनाच विचारलं, "मॅडमजी, आज पक्का चालू केली होती ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "काका, किरण गाठ जाळत नाहीत. पेशीत डीएनएचा दुहेरी धागा असतो, तो तोडतात. काही किरण थेट तोडतात. काहींमुळे पेशीतल्या पाण्याचे कण फुटतात आणि ते फुटके कण धाग्यावर तुटून पडतात. दोन्ही पदर तुटले की जोडणं अवघड. तरी पेशी लगेच मरत नाही. बहुतेक वेळा एकीच्या दोन व्हायला जाते तेव्हा मरते."

"आणि तिने जोडून घेतलं तर?"

मला वाटलं, आता चिडतील. पण त्या म्हणाल्या, "काही घेतात जोडून. चांगल्या पेशी नीट जोडतात, कॅन्सरच्या बहुधा अर्धवट. म्हणून तर रोज थोडं थोडं देतो. सगळ्या मरतील असं मी म्हणणार नाही."

रिक्षात बसल्यावर हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बाई खोटं नाही बोलत. पण मशीनचं काय?"

काही आठवड्यांनी यांना वरणभाताचा घासही गिळवेना. किरणांच्या वाटेत अन्ननलिका येत होती, ती सुजली होती. डोळ्यांत पाणी आणून हे म्हणाले, "चालू आहे गं." त्या दिवसापासून विचारणं थांबलं.

उपचार संपल्यावर काही महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ लहान झाली होती, गेली नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या समोरच हे जुनी आणि नवी फिल्म उजेडात धरून बघत राहिले. "दोन्हींवर नाव माझंच आहे ना, बघ जरा."

होतं.

"मग ही उरलेली?"

"त्यात जिवंत किती, मेलेलं किती, ते आज नाही सांगता येत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासत राहू."

बाई आजही खोटं बोलल्या नाहीत, म्हणून हे समाधानाने उठले. आता यांना जरा खोकला आला की मीच हातातलं काम सोडून ऐकत बसते.