खांद्यातली खुंटी

सकाळी धुकं असं उतरलं होतं की समोरच्या इमारतीचा जिना तेवढा दिसत होता, इमारत गायब. उजाडून गेलं तरी रस्त्यावरचे दिवे कुणी मालवले नव्हते. असल्या ओल्या हवेत कारखान्याच्या दाराशी एकच ओरड चालते, की अंगावरची ओल बाहेर ठेवा. स्वेटर, शाल, ओल्या चपला बाहेरच्या खोलीत काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, मग टोपी, मास्क, झगा, आणि दोन दारांच्या मधल्या फटीएवढ्या खोलीत वाऱ्याचा झोत अंगावर घेऊन आत जायचं. आत बारा महिने एकच ऋतू. धुकं नाही, ऊन नाही, माशी नाही. धाग्याला दमटपणा लागू नये म्हणून तिथली हवा इतकी कोरडी ठेवलेली की दुपारपर्यंत माणसाचे ओठ फुटतात. धागा मात्र सुखात.

ताणमावशी आपल्या जागेवर बसली, भिंगाचा दिवा ओढून घेतला आणि पहिली खुंटी चिमटीत धरली. ऑफिसातली माणसं तिला अँकर म्हणतात. पण ज्यांच्या हाताखालून ती जाते त्या बायकांच्या तोंडी खुंटी ती खुंटीच. तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, अंगाला आटे, डोक्याला भोक. त्या भोकातून दोन धागे ओवायचे, एक पांढरा नि एक निळ्या रेघांचा, म्हणजे डॉक्टरची गल्लत व्हायला नको. टोकांना सुया बसवायच्या. खांद्यातला स्नायू हाडावरून उखडला की डॉक्टर हाडात बारीक भोक पाडून ही खुंटी आत पिळतात, तिचे धागे उखडलेल्या पट्ट्यातून ओवून काढतात आणि गाठी मारून पट्टा हाडाला टेकवून ठेवतात. तंबूची दोरी जमिनीतल्या खुंटीला बांधावी, तसंच. पुढचं काम मांसाचं. त्यानं सावकाश हाडाला धरायचं.

सगळ्यात शेवटी ताण बघायचा. डाव्या चिमटीत खुंटी, उजव्या बोटांत धागा, आणि एक ठरलेला झटका. फार जोराचा नाही, नुसता लाडाचाही नाही. पलीकडच्या खोलीतलं यंत्र नमुन्याचे धागे तुटेपर्यंत ओढतं ते वेगळं, हा झटका प्रत्येक खुंटीला बसायचा. इतकी वर्षं हे काम केल्यावर तो झटका मावशीच्या डोक्यातून निघून हातात राहायला गेला होता. दुकानात पिशवी घेतली की बंद ताणून बघायची. शेजारणीनं कपड्यांची दोरी बांधली की जाता जाता तिला एक हिसका. एकदा भाचीनं हौसेनं नवा मण्यांचा हार घातला, तर मावशीनं कौतुक करता करताच तो ताणला. मणी घरभर झाले आणि मावशीचं नावही त्या दिवसापासून पक्कं झालं.

आज तिचा पाय जमिनीवर नव्हता. नवरा रंगारी होता, आणि साधासुधा नाही, छताचा रंगारी. भिंत जिथं छताला मिळते तिथली रेघ तो पट्टी न लावता, चिकटपट्टी न लावता, नुसत्या हातानं मारायचा. पाण्याच्या पातळीसारखी सरळ. दीड-दोन महिन्यांपूर्वी शिडी घसरली. खाली पडू नये म्हणून त्यानं उजव्या हातानं खिडकीची चौकट धरली, आणि पडला नाही खरा, पण सगळं अंग त्या एका हातावर लटकलं नि खांद्यातला पट्टा हाडावरून सुटला. हात कमरेच्या वर जाईना. छताचं तर नावच नको. ऑपरेशन झालं, दोन खुंट्या बसल्या. कुठल्या बसवल्या म्हणून मावशीनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, आणि त्यांनी जे नाव घेतलं ते ऐकून हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्याच कारखान्याचा माल.

तेव्हापासून ती ज्याला त्याला तेच सांगत होती. भाजीवाल्याला सांगून झालं, बसच्या कंडक्टरला सांगून झालं. परवा त्याच्या गळ्यातली हाताची झोळी सुटायची होती, डॉक्टरीणबाई हात तपासणार होत्या, आणि हिला परवापर्यंत दम निघत नव्हता. पलीकडच्या टेबलावर बसणारी, जिला सगळ्या 'बातमी' म्हणत, ती मास्कच्या आडून म्हणाली, "मावशी, परवापर्यंत कशाला थांबता? माल तुमचा, नवरा तुमचा. घरीच पास करून टाका की."

सगळी रांग हसली. आत जोरात हसायला बंदी, म्हणून नुसते खांदे हलले. मावशीही हसली. पण ते बोलणं कुठंतरी जाऊन बसलं.

दुपारी पाळी सुटली तेव्हा धुकं वितळून ऊन पडलं होतं. घरी रंगारीबुवा बनियनवर, टेबलाशी वाकून उभे होते. चांगला हात टेबलावर टेकलेला, दुखरा हात झोळीतून काढून खाली सोडलेला, आणि त्याचे लहान लहान गोल चाललेले. एवढ्या व्यायामाला परवानगी होती. हात आपल्या जोरावर उचलायचा नाही, कुणी ओढायचा नाही, नुसता लोंबू द्यायचा. बाजूला खुर्चीत नणंद बसली होती. भावाची सेवा करायला म्हणून ती ऑपरेशनपासून मुक्कामाला होती आणि सेवा मुख्यत्वे तोंडानं करत होती.

"जरा मोठे गोल काढ," ती सांगत होती. "विहिरीत दोर सोडल्यासारखा काय सोडलायस?"

मावशीनं हात-पाय धुतले, आणि नवऱ्याच्या काखेत घाम साचला होता तो पुसायला पंचा घेऊन आली. तोंडाची टकळी चालूच होती. आज किती माल झाला, बातमी काय म्हणाली, परवा कुठली साडी नेसू. बोलता बोलता तिनं डाव्या हातानं खांदा धरला आणि उजव्या हातानं मनगट. पुसायला सोपं जावं म्हणून. डावीकडे खुंटी, उजवीकडे धागा. मावशीच्या डोक्याला काही कळायच्या आत हातानं आपलं काम केलं.

एक झटका. ठरलेला.

खांद्यातून 'कट्' असा आवाज आला. रंगारी ओरडलासुद्धा नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला आणि तो हळूच खाली बसला. मावशी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"वहिनी," नणंद म्हणाली, "अगं, तो माणूस आहे. माल नव्हे."

पुढं काय काय झालं ते मावशीला नीट आठवत नाही. झोळी चढवली, शर्ट खांद्यावर नुसता टाकला, दाराला कडी घालायची राहिली, नणंद आत आहे म्हणून चाललं. टॅक्सीवाल्याला तिनं सांगितलं की भाऊ, खड्डा दिसला तर उतरून उचलून न्या पण आदळू नका. पाचावर धारण बसली होती. एकदा शिवलेला पट्टा पुन्हा फाटला तर दुसऱ्यांदा तितका धरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणजे छत गेलं. ती रेघ गेली. उरलेल्या जन्मात कुंपणं नि खुर्च्यांचे पाय रंगवायचे, तेही डाव्या हातानं.

रंगारी डोळे मिटून बसला होता. तसाच म्हणाला, "तुझा धागा तुटला असेल तर कारखाना बदलून देतो का गं?"

एरवी तिनं दोन ऐकवल्या असत्या. आता तिला नुसतं "अहो" एवढंच म्हणता आलं.

दवाखान्यात गर्दी होती, पण मावशीचं तोंड बघून स्वागतकक्षातल्या मुलीनं त्यांना सरळ आत घेतलं. डॉक्टरीणबाई वयानं मावशीच्या मुलीएवढ्या, बोलायला तडफदार. मावशीनं सगळं सांगितलं, डावा हात कुठं होता, उजवा कुठं, झटका केवढा. झटका केवढा हे सांगताना तिनं हवेतच मारून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याला स्टुलावर बसवलं, खांद्यावर गार चिकट जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र जवळ ओढलं.

पडद्यावर राखाडी ढगच ढग. मावशीला काही उमजेना. डॉक्टरीणबाई बोट ठेवून सांगू लागल्या. ही पांढरी उंचवट्याची कड म्हणजे हाड. त्याच्यात हा खळगा दिसतोय, आणि खळग्यात ही चकाकणारी बारीक गोष्ट.

"ही खुंटी?" मावशीनं विचारलं.

"ही एक. आणि ही, इकडं, दुसरी."

मावशीची भीती क्षणभर कुठच्या कुठं पळाली. ती पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. इतकी वर्षं तिनं या पोरी नटवून-थटवून सासरी धाडल्या होत्या, एकीचंही घर बघितलं नव्हतं. पाकिटात बंद होऊन गेल्या की गेल्या. आणि ही बया इथं, हाडात घर करून, अंग चोरून बसली होती. "अहो, बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "कशी बसलीय बघा तरी."

"मला माझाच खांदा दिसत नाही, तर तुझी पोर कुठून दिसणार," तो म्हणाला. तो पडद्याकडे पाठ करून बसला होता.

"आता गप्प," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बघायचं ते पुढंच आहे."

खुंटी जागेवर असणं पुरेसं नव्हतं. मग त्यांनी मावशीकडे न बघताच सांगितलं, आणि ते मावशीच्या मनात खिळ्यासारखं बसलं. "धागा तुटेल ही भीती मला नसतेच, मावशी. तुमचा धागा तुटत नाही, आणि घोर त्याचाच असतो. झटका बसला की धागा शाबूत राहतो आणि मांस कापत बाहेर येतो. तारेनं साबणाची वडी कापतात ना, तसा."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर तिनं धाग्याचीच काळजी वाहिली होती. त्याच्या दुसऱ्या टोकाला काय असतं, ते किती हळवं असतं, हा विचार तिला कधी शिवला नव्हता. त्या कोरड्या खोलीत दुसऱ्या टोकाला नेहमी तिचीच बोटं असायची.

डॉक्टरीणबाईंनी रंगाऱ्याचं कोपर आपल्या हातात घेतलं आणि अगदी सावकाश फिरवलं, नजर पडद्यावर. हाडावर पसरलेला तो जाड राखाडी पट्टा हाडाबरोबर सरकला. पुन्हा फिरवलं. पुन्हा सरकला. पट्टा आणि हाड यांच्यामधे काळी फट पडली तर फाटला समजायचं, असं त्या म्हणाल्या, आणि फट कुठं दिसतेय का म्हणून त्या, मावशी नि दारात उभी नर्स अशा तिघी पडद्यावर डोळे लावून राहिल्या. रंगारी बिचारा भिंतीकडे बघत श्वास धरून होता.

फट नव्हती.

"आवाज आखडलेल्या सांध्याचा होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्टा धरून आहे. नुसता धाग्यानं नाही, त्याचा तो धरायला लागलाय. नशीब समजा, हा प्रकार ऑपरेशननंतर लगेच झाला असता तर मी तुमच्याशी बोलले नसते."

मावशीचा जीव भांड्यात पडला. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. पण डॉक्टरीणबाई थांबल्या नाहीत. परवा बघायचं ते आजच बघू, म्हणाल्या. त्यांनी रंगाऱ्याच्या कोपराखाली आपला तळहात ठेवला आणि सांगितलं की मी उचलते, तुम्ही फक्त सोबत या.

हात निघाला. कमरेपाशी आला. जिथं तो इतके दिवस अडून बसायचा तिथं जरा थबकला, थरथरला, आणि वर सरकला. बरगड्या, छाती. रंगाऱ्याच्या कपाळावर घाम फुटला पण तोंडावर भलतंच तेज आलं होतं, शाळेतल्या पोराला एकदम फळ्यापाशी बोलावल्यासारखं. मावशीचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिचा उजवा हात मदतीला पुढं यायला लागला, तेव्हा तिनं तो डाव्या काखेत घट्ट दाबून धरला.

"दुखतंय?"

"ओढ बसतेय. दुखत नाही."

हात खांद्याच्या उंचीला आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, इकडं या. माझ्या तळहाताकडं बघा."

मावशीनं बघितलं. तळहात आणि कोपर यांच्यामधून उजेड येत होता. हात आपला आपण उभा होता. थोडाच वेळ, पण होता. आणि त्या सरळ झालेल्या हाताचं बोट आपोआप वर, खोलीच्या कोपऱ्याकडं वळलं.

"मॅडम," रंगारी धापा टाकत म्हणाला, "राग मानू नका. पण तुमच्या छताची ती रेघ ज्यानं मारलीय ना, त्यानं शिडीवर झोप काढलीय."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. नर्सनं बघितलं. कुणी कधी बघितलीच नव्हती, पण रेघ खरोखर सापासारखी गेली होती. मग जे हसू फुटलं ते बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू गेलं. डॉक्टरीणबाईंनी हसता हसताच कोपर पुन्हा तळहातावर घेतलं, हात खाली आणला, झोळीत ठेवला आणि दोघांना दम भरला. छताला अजून पुष्कळ वेळ आहे. आधी हा व्यायाम, मग तो, आणि मावशींनी पुसायचं काम नणंदेला द्यायचं.

परतताना रंगारी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक बाल्कनीच्या रंगाला नावं ठेवत होता, आणि मावशी पुढं वाकून टॅक्सीवाल्याला खुंटी कशी असते ते चिमटी करून दाखवत होती. केवढीशी, भाऊ, एवढीशी, आणि पुरा माणूस धरून ठेवते. टॅक्सीवाला म्हणाला, बाई, समोर बघू द्या.

नणंद दारातच उभी होती. तोंड बघूनच तिला कळलं, तरी तिनं सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. आवाज कसला होता, पडदा केवढा होता, डॉक्टरीणबाई चिडल्या का. घाम पुसायचं काम आता आपल्याकडं आलंय हे कळल्यावर मात्र तिनं विषय बदलला आणि भावाला उशी आणायला आत गेली.

मावशीला अजून बसवत नव्हतं. सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि बातमी उद्या सकाळशिवाय भेटणार नव्हती. ती स्वयंपाकघरात आली. बेसिनमधे सकाळपासूनची भांडी तशीच, पातेल्याच्या बुडाशी दूध करपून चिकटलेलं. इतक्या वेळात नणंदेनं त्यांना हात लावला नव्हता. मावशीनं बाह्या वर सारल्या, नळ सोडला, आणि करपलेलं पातेलं आधी भिजत घालून पेले विसळायला घेतले.