सास्तूरहून मारलेली पहिली हाक

उमरग्याच्या बाहेर हायवेला लागून माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, झेंडू यांची रोपं ट्रेमध्ये तयार करायची आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना पोचवायची, हा माझा धंदा. त्यासाठी मागच्या उन्हाळ्यात मी विजेवर चालणारी पिकअप घेतली. गाडी आली त्या दिवशी पेढे घेऊन आधी गेले ती काकांकडं.

काका माझे सख्खे नव्हेत. उमरग्यात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि आमच्या भागातले ते सगळ्यात जुने हौशी रेडिओवाले. म्हणजे घरात स्वतःचा सेट, गच्चीवर अँटेना, आणि सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना. त्या परवान्याबरोबर अक्षरं-आकड्यांची एक खूण मिळते, तिला कॉलसाइन म्हणतात. ती सांगून हाक मारायची, आणि कुठून तरी कुणीतरी ओ देतं. त्यावर धंदा करता येत नाही. गप्पा मारायच्या, आणि वेळ आली तर लोकांच्या कामी यायचं. परवाना माझ्याकडंही आहे, त्या परीक्षेचा अभ्यास माझ्याकडून काकांनीच करून घेतला होता. मला त्यांची ओढ का होती हे सांगायचं तर भूकंपापासून सुरुवात करावी लागेल.

मी मूळची सास्तूरची. त्र्याण्णवच्या भूकंपात आई-वडील गेले. मी लहान होते, कुणीतरी मला ढिगाऱ्यातून काढून तंबूत नेऊन बसवलं. पुण्याला माझा मामा होता, पण मी जिवंत आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. फोनच्या तारा तुटलेल्या होत्या. तेव्हा बाहेरून आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी सास्तूरला तंबू टाकून सेट लावला होता. तिथून माझं नाव, वय आणि मामाचा पत्ता हवेवर गेला. पुण्यात एका अनोळखी माणसानं तो निरोप ऐकला आणि स्कूटरवर मामाच्या दारात जाऊन सांगितलं, तुमची भाची सुखरूप आहे. मामा त्याच पावली निघाला. पुढं त्याची बदली सोलापूरला झाली, आणि नंतर उमरग्याला राहायला आलेल्या मावशीकडं मी सुट्ट्यांत यायला लागले.

मावशीच्या गल्लीतच काकांचं दुकान होतं. सास्तूरच्या तंबूत सेटवर तेच बसले होते असं गावात बोललं जायचं. मी तेरा-चौदा वर्षांची असताना धीर करून दुकानात गेले आणि विचारलं, "माझा निरोप तुम्हीच दिला होता का?" ते सोल्डरिंग करत होते. हातातलं काम ठेवून त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि होकारार्थी मान हलवली. मी तिथंच रडायला लागले. काकूंनी आत नेऊन जेवू घातलं. त्या दिवसापासून ते घर माझं झालं. माझ्या लग्नात मामाच्या शेजारी काका उभे होते.

तर गाडी. काकांनी तिला फेरी मारली, टपावर थाप मारली आणि म्हणाले, "गाडी तर घेतलीस. आता हिच्यावर काठी बसवू की." अँटेनाला ते काठीच म्हणायचे.

त्यांच्या मनात लई वर्षांपासून होतं, एक फिरतं स्टेशन असावं. पूर आला, टॉवर बंद पडले, तर गाडी नेऊन उभी करायची आणि बोलायला लागायचं. विजेच्या गाडीत हे जमेल का याची मला शंका होती. कंपनीच्या माणसानं केशरी आवरणाच्या केबलला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. त्यातून मोटारीला मोठ्या दाबाची वीज जाते. आम्ही त्या बाजूला गेलोच नाही. सेटसाठी वेगळी छोटी लिथियम बॅटरी आणली आणि सीटच्या मागं पट्ट्यानं आवळून बसवली, म्हणजे गाडीच्या विजेशी सेटचा संबंध नको.

रविवारचे रविवार त्यात गेले. मागच्या कोपऱ्यात हौद्याच्या कडेला लोखंडी ब्रॅकेट बसवलं आणि त्यावर पुरुषभर उंचीहून लांब अशी चाबकासारखी अँटेना उभी केली. ब्रॅकेटखालचा रंग मी पॉलिश पेपरनं घासून काढला, नवीकोरी गाडी खरवडताना जीव वरखाली होत होता. पण लोखंडाला लोखंड भिडल्याशिवाय अँटेना काम करत नाही. हौदा, केबिन आणि चासी तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं एकमेकांना जोडली. जवळच्या बोलण्यासाठी टपावर एक आखूड अँटेना, तिची वायर दाराच्या रबरामागून आत. काका खुर्ची टाकून बसायचे, गुडघ्यांमुळं त्यांना वाकता येत नव्हतं. मी गाडीखाली पाठीवर पडून नट आवळायची आणि ते वरून सांगायचे, लई ताणू नको, आटे जातील.

पहिल्यांदा सेट चालू करून गाडी हलवली तर स्पीकरमधून नुसती शिट्टी. पाय दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. मोटारीचा कंट्रोलर तो आवाज हवेत फेकत होता आणि आमची अँटेना तो इमानेइतबारे ऐकवत होती. मग प्रत्येक वायर असा आवाज अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यांतून ओवून घेतली, सेटची वायर दुसऱ्या बाजूनं फिरवली. शिट्टी कमी झाली, गेली नाही. पण गाडी उभी करून चावी काढली की इतकी शांतता, की दूरचं कुजबुजणंही ऐकू यावं. काका हेडफोन कानाला लावून बराच वेळ बसले आणि म्हणाले, डिझेलच्या गाडीत असं कधी ऐकलं न्हाय.

त्या कामात ते पुन्हा पुन्हा सास्तूरच्या तंबूवर यायचे. सेट कसा लावला, निरोप देणाऱ्यांची रांग कशी लागली. एक गोष्ट तर मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. माझा निरोप सांगताना मी त्यांचं बोट धरून उभी होते आणि काही केल्या मी ते सोडेना, म्हणून त्यांनी एकाच हातानं सगळं केलं. ही गोष्ट ते शाळांमधूनही सांगायचे. आपत्तीच्या वेळी काय करावं यावर त्यांची व्याख्यानं व्हायची, आणि बहुतेक वेळा ते मला बरोबर न्यायचे. शेवटी मला उभं राहायला सांगायचे. "हीच ती पोरगी." पोरं टाळ्या वाजवायची. मला ते आवडायचं नाही, पण काकांसाठी मी उभी राहायची.

पहिली हाक सास्तूरहूनच मारायची हे मी ठरवलं. मला वाटलं, काकांना याहून मोठी भेट काय द्यायची. ते मात्र फारसे खुलले नाहीत. गुडघे दुखतात, तूच जा, मी घरी सेटवर बसून ऐकतो, म्हणाले.

सास्तूरच्या एका शेतकऱ्याला मिरचीची रोपं द्यायची होती. सकाळी लवकर जाऊन ट्रे उतरवले आणि गाडी जुन्या गावठाणाच्या बाजूला एका लिंबाखाली लावली. आता तिथं बाभळी माजल्यात. चावी काढली. रोज सकाळी आमच्यातले बरेच जण एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात, हजेरी असते म्हणा ना. माझी पाळी आली तशी मी कॉलसाइन सांगितली आणि म्हणाले, विजेच्या पिकअपमधून बोलतेय, ठिकाण सास्तूर.

तीन-चार जणांनी अभिनंदन केलं. मग एक म्हातारा आवाज आला, नागपूरकडचा. हे गृहस्थ बरीच वर्षं हवेवर नव्हते, अलीकडंच मुलाच्या घरी पुन्हा सेट लावला होता. ते म्हणाले, "सास्तूर म्हणालात का ताई? भूकंपात तिथल्या तंबूत आमचंच स्टेशन होतं. पहिल्या दिवसापासून आम्ही तिघं होतो."

माझा आनंद पोटात मावेना. मी काकांची कॉलसाइन सांगितली आणि म्हणाले, म्हणजे ते तुमच्याबरोबर असणार, त्यांनीच माझा निरोप दिला होता, ते आत्ता ऐकतायत. मग त्या गृहस्थांनी सावकाश, कसलाही वाईट हेतू न ठेवता सांगितलं, "उमरग्याचे ते, होय, चांगले आठवतात मला. पण ते स्टेशनवर नव्हते. आम्ही आवरायला घेतलं तेव्हा ब्लँकेटं घेऊन ट्रकबरोबर आले होते. सेट बघून हरखून गेले. परवाना कसा काढायचा ते मीच सांगितलं त्यांना."

म्हणजे काका तिथं आले ते माझा निरोप गेला, मामा येऊन मला घेऊन गेला, त्याच्या नंतर. मी बटण दाबलं आणि काकांना हाक मारली. त्यांची कॉलसाइन, मग माझी. उत्तर नाही. पुन्हा मारली. त्या फ्रिक्वेन्सीवरचे सगळे ऐकत होते. माझी अँटेना उत्तम काम करत होती, समोर सिग्नलची पट्टी दिसत होती, त्यामुळं आवाज पोचला नसेल असं म्हणायलाही जागा नव्हती. शेवटी नागपूरचे गृहस्थच म्हणाले, "ताई, माझं काही चुकलं का?" मी नाही म्हणाले, आभार मानले आणि सेट बंद केला.

उमरग्यापर्यंत गाडी कशी चालवली आठवत नाही. काका सेटपुढंच बसले होते. हेडफोन मांडीवर, सेट बंद. मी दारातच उभी राहिले.

"बस," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग ओ का दिली नाही?"

त्यांनी मांडीवरचे हेडफोन उचलून सेटवर ठेवले. नंतर म्हणाले, मुद्दाम खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. भूकंपानंतर एका शाळेत त्यांना बोलवलं, हेडमास्तरांनी ओळख करून देताना हेच ते सास्तूरचे असं सांगितलं आणि त्यांनी खोडून काढलं नाही. मग गावात तेच झालं. मग एक दिवस मी दुकानात येऊन उभी राहिले. "तुझं तोंड बघून मला न्हाय म्हणवलं न्हाय," ते म्हणाले. "आणि निरोप तर गेला ना पोरी? मामा आला ना? कुणी दिला यानं काय फरक पडतो?"

दुकानातलं मी समजू शकत होते. एका रडवेल्या पोरीला नाही म्हणवत नाही. पण त्यानंतर शाळाशाळांतून मला उभं केलं ते कशासाठी? मी त्यांचा पुरावा होते. मी नसते तर त्यांची गोष्ट कुणीही सांगावी अशी गोष्ट होती, माझ्यामुळं ती खरी झाली. एक गोष्ट मला तेव्हाच उमगली. हवेवर, जिथं जुनी माणसं ऐकत असतात, तिथं त्यांनी तंबूचं नाव कधीही काढलं नव्हतं.

मी विचारलं, "आणि बोट? मी बोट धरलं होतं म्हणता ते?"

त्यांनी नजर वळवली. "एकदा बोलता बोलता बोललो," म्हणाले.

सगळ्यात जास्त मला तेच लागलं. कारण ते बोट मला आठवतं. भूकंपातलं मला फार थोडं आठवतं, आईचा चेहराही धूसर आहे, पण तंबू, वायरचा वास आणि मुठीत धरलेलं एक जाड बोट मला स्वच्छ आठवतं. घाबरले की मी ते आठवायची, बाळंतपणातही आठवलं होतं. आता मला सांगता येत नाही की ते माझं आहे की त्यांनी माझ्यात घातलेलं आहे. माझ्याकडं तेवढंच होतं आणि त्यातही त्यांनी हात घातला.

काकू चहा घेऊन आल्या. माझा चेहरा बघून कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघितलं. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, "ब्लँकेटं घेऊन गेले तवा मीच भाकरी बांधून दिली होती, बाई." इतकंच. म्हणजे मला पहिल्यांदा जेवू घातलं त्या दिवशीही त्यांना ठाऊक होतं. मी चहा न घेता निघाले.

गाडीतला सेट काकांनी दिलेला होता. तो मी काढून नवऱ्याच्या हातून परत पाठवला आणि दुसरा आणला. अँटेना ठेवली, ती मी स्वतः बसवली होती. मामाला यातलं काही सांगितलं नाही, त्याच्या मनात काकांना देवाची जागा आहे. नागपूरच्या गृहस्थांना मात्र एकदा विचारलं, माझा निरोप तुमच्या तिघांपैकी कुणी दिला असेल? ते म्हणाले, ताई, शेकड्यानं निरोप गेले, कुणाचं नाव लक्षात राहिलं नाही. दुसरे दोघं आता हयात नाहीत. ते सरळपणे माहीत नाही म्हणाले, ते मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तेरणा नदीला पूर आला. लोहाऱ्याकडच्या एका गावात पूल बुडाला, वीज गेली, मागोमाग मोबाइल बंद पडले. तहसीलमधून मला विचारणा झाली आणि मी गाडी नेऊन अलीकडच्या उंचवट्यावर उभी केली. पलीकडं एक बाई बाळंतपणात अडलेली होती, दोन म्हाताऱ्यांची औषधं संपली होती. उमरग्याहून निरोप पुढं दवाखान्यात द्यायला सेटवर कुणीतरी हवं होतं. तिथं परवानावाले काकाच. त्यांनी पहिल्या हाकेला ओ दिली. दिवसभर आम्ही बोललो, नावं, गावं, औषधं. त्यांनी एक अक्षर चुकवलं नाही. दुपारनंतर होडी गेली आणि बाईला अलीकडं आणलं.

काम हलकं झाल्यावर त्यांचा आवाज बदलला. "पोरी, कशी हायेस?"

सगळे ऐकत होते, पण मी उत्तर टाळलं ते त्यासाठी नव्हे. मी माझी कॉलसाइन सांगितली आणि म्हणाले, "स्टेशन चालू आहे. तुमच्याकडं आणखी निरोप असेल तर सांगा."

ते म्हणाले, निरोप नाही. मी नोंद घेतली आणि पलीकडच्या गावाला हाक मारली.