फौजदारबाईंचा खडूचोर

आमच्या फौजदारबाई फळ्यावरच्या तारखेवरही विश्वास ठेवत नसत. वर्गात आल्या की आधी फळा बघायच्या, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी विचारायच्या, "आज वार कुठला?" तिन्ही जुळलं की मगच हजेरीची वही उघडायची. 'हजर' एवढ्यावर भागत नसे. मान वर करून प्रत्येकाचा चेहरा बघायच्या. पूर्वी कधीतरी कुणीतरी दुसऱ्याची हजेरी दिली होती म्हणे, ते त्या विसरल्या नव्हत्या.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण कळंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या त्या शाळेत त्या नावानं त्यांना कुणी ओळखलं नसतं. गृहपाठाची वही हातात घेतली की त्या नाकापर्यंत आणून बघायच्या. "हे अक्षर तुझं न्हवं. थोरल्या भनीचं हाय. तिला सांग, र ची शेपटी लई लांब काढतीया." पोट दुखतंय म्हणून कुणी घरी राहिलं, तर शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून त्याच्या दारात उभ्या. "पोट दुखतंय व्हय? मग हातात पतंग कसला?"

त्या आमच्यावर संशय घ्यायच्या आणि आम्ही त्यांच्यावर. बाईंना सगळं कळतं म्हणजे त्यांचा कुणीतरी खबऱ्या असणार, हे आमचं ठरलेलं होतं. बराच विचार करून आम्ही फाटकाजवळच्या भडंगवाल्यावर ठपका ठेवला आणि पंधरा दिवस त्याच्यासमोर तोंड उघडलं नाही. बिचाऱ्याला वाटलं, पोरांना भडंग आवडेनासं झालं.

माझ्यावर मात्र कुणाचा संशय नव्हता. तिसरीच्या वर्गात घडाघडा वाचणारा मी एकटाच. पाहुणे आले की हेडगुरुजी मलाच उभं करत. खरी गोष्ट अशी होती की मला वाचता येत नव्हतं. पहिलीत कावीळ होऊन चार महिने घरी पडलो होतो. परत आलो तेव्हा वर्ग काना-मात्रा ओलांडून पुढे गेला होता आणि विचारायची मला लाज वाटली. संध्याकाळी भाकऱ्या थापताना आई ताईला माझं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावी. दोनदा ऐकलं की धडा माझ्या डोक्यात बसायचा. चित्रावरून पान ओळखायचं आणि ओळींखालून बोट फिरवायचं. दोन वर्षं हे खपलं. शाबासकी मिळाली की मला रडू यायचं, आणि लोक म्हणायचे, पोरगं किती हळवं आहे.

साहेब शनिवारी तपासणीला येणार होते, त्याच आठवड्यातला तो सोमवार. बाईंनी मला वाचायला उभं केलं. मी दणक्यात सुरुवात केली. बाई माझ्या पुस्तकाकडं बघतच नव्हत्या, माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या. "बस," एवढंच म्हणाल्या. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली, मला थांबवून घेतलं. फळ्यावर त्याच धड्यातलं एक वाक्य लिहिलेलं होतं. "वाच."

"रामूने बैल गोठ्यात बांधला," मी म्हणालो.

"मी 'धुतला' लिवलंय."

दोन वर्षं ज्या क्षणाची भीती होती तो असा, भर दुपारी, एका बैलापायी आला. मी रडायला लागलो. बाईंनी दाराबाहेर बघितलं, दार लोटलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरात कुणाला ठावं हाय?" मी नाही म्हणून मान हलवली. "रोज सुट्टीत थांबायचं. पण पोरं इचारणार, ह्यालाच का थांबवत्यात. कायतरी सांगाय लागंल. चोर म्हटलेलं चालंल का वाचता येत न्हाय म्हटलेलं?"

मी विचारसुद्धा केला नाही. "चोर," म्हणालो.

त्याच दुपारी बाईंनी भर वर्गात जाहीर केलं की खडू कमी होत आहेत, त्यांचा माझ्यावर संशय आहे आणि आठवडाभर माझी सुट्टी बंद. संशय घेणं हा त्यांचा रोजचाच धंदा, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. मंगळवारपर्यंत माझं नाव 'खडूचोर' पडलं. मला ते गोड वाटायचं, हे आज कुणाला सांगून पटणार नाही.

सुट्टीत बाई पुस्तकाला हातच लावू देत नसत. "त्यात तू मला फसवशील," म्हणायच्या. पिशवीतून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढायच्या. कागलच्या, गारगोटीच्या, शिरोळच्या, कुणाकुणाच्या. नावं सगळी वेगळी, गावं वेगळी, पाठांतराची सोयच नाही. वेलांटी कुठल्या बाजूची, मात्रा एक की दोन, हे मी नवरानवरीच्या नावांवर शिकलो. चुकलो की बाई पत्रिकेवर टिचकी मारायच्या. "नवरीचं नाव बदललंस. लगीन मोडंल तिचं." एकदा तळाची ओळ मी पाच मिनिटं झगडून लावली, 'कृपया आहेर आणू नये.' बाई म्हणाल्या, "वाचलंस बरोबर. पण ते खरं न्हवं. न्हाय नेला तर तोंडाकडं बघत्यात." छापलेलं नीट वाचायचं, पण लगेच मानायचं नाही, हे मी तिथं शिकलो. आज एका छापखान्यात मुद्रितं तपासून पोट भरतो, ते ह्याच शिकवणीवर.

गुरुवारी आई शाळेत आली. खडूचोर हे नाव गल्लीत पोचलं होतं. पदर खोचून वर्गाच्या दारातच उभी राहिली.

"बाई, माझं प्वार चोर हाय, हे तुमी कशावरनं म्हणता? आमी वाडगं भरून बाभळीचं काटं खाऊ, पण दुसऱ्याच्या काडीला हात लावणार न्हाई. आमच्या वस्तीतलं प्वार म्हणून आळ घेतला व्हय?"

हे शेवटचं वाक्य बाईंना लागलं. चेहरा पडलेला मी पाहिला. एका वाक्यात त्या सुटू शकल्या असत्या. चाळीस पोरं कान टवकारून बसली होती. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि आईपुढं हात जोडले. "चूक माझी हाय, ताई. खडू सापडलं. तुमचं प्वार चोर न्हाय." मी खाली बघत राहिलो. मीही एक वाक्य बोलू शकलो असतो. बोललो नाही, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

शनिवारी साहेब आले. हेडगुरुजींनी कौतुकानं मलाच पुढं केलं. पुस्तक उघडलं तर तोच बैलाचा धडा. डोळे मिटले असते तरी सगळा म्हणून दाखवला असता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आदल्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "पाठ म्हणालास तर साहेब खूश हुतील. मग जलमभर म्हणत बसशील. बघ, तुझं तू." मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि खरोखर वाचायला लागलो. एकेक अक्षर, अडखळत, घाम पुसत. पोरं हसली. हेडगुरुजींचा चेहरा उतरला. तीन ओळींनंतर साहेबांनी हात वर केला. "तिसरीत ही अवस्था? बाई, वर्षभर काय केलंत?"

सोमवारपर्यंत ह्याला एवढंही येत नव्हतं, हे बाई सांगू शकत होत्या. सांगितलं नाही.

जूनमध्ये आम्ही चौथीत गेलो तेव्हा बाईंची बदली झाली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या शनिवारचा संबंध होता असं कुणी म्हणालं नाही, पण माझा संशय आहे, आणि तो फिटायचा नाही. पुढं त्या वारल्याचं कळलं तेव्हाही आई म्हणाली, "ती फौजदारीण व्हय? माझ्या प्वारावर आळ घेतलेली." आईला खरं सांगायचं मी उद्या-उद्या करत राहिलो. आता तीही नाही.

त्या शनिवारी साहेब गेल्यावर शाळा सुटली. बाई टेबलाशी एकट्या होत्या, समोर साहेबांच्या शेऱ्यांची वही. मला हाक मारली आणि वही माझ्याकडं फिरवली. शाई अजून ओली दिसत होती.

"हे तुला कुणी वाचून दावलेलं न्हाय. वाच."

मी बोट ठेवलं. "ति-स-री-चे वा-च-न... स-मा-धा-न-का-र-क नाही. शि-क्षि-के-ने..." पुढच्या अक्षराला अडलो.

"ल," बाई म्हणाल्या. "मग क्ष. मगाशी वाचलास की तो."

"ल-क्ष द्या-वे."

शेवटपर्यंत पोचलो होतो. आधी कधीही न ऐकलेली दोन वाक्यं माझी मी वाचली होती. अर्थाकडं माझं ध्यानच नव्हतं. मी आनंदानं बाईंकडं बघितलं. "बरोबर हाय, बाई?"

"एकबी चूक न्हाय," बाई म्हणाल्या, आणि पेन उघडून त्यांनी त्या शेऱ्याखाली सही केली.