आदी पानी, मग सुई

"आदी पानी, मग सुई."

फवारणीचं औषध अंगावर उडालेला माणूस स्ट्रेचरवरून उतरायच्या आत मामा हे म्हणत आणि बाह्या सरसावत. मग वाकून त्याचं डोकं हुंगत, तान्ह्या लेकराची टाळू हुंगावी तसं. "द्राक्षाचं औशद हाय, सायेब," एवढं सांगून बादली आणि साबण आणायला पळत. तोवर माझा स्टेथोस्कोप कानालाही लागलेला नसे.

सरकारी दवाखान्यातले मामा तुम्हीही पाहिले असतील. स्ट्रेचर ढकलणारे, फरशी पुसणारे, सगळे मामाच. खरं नाव फक्त हजेरीपटावर. आमचा दवाखाना सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यात. इथं विषालाही औषधच म्हणतात. मामा पाटणकडचे, शिक्षण सातवीपर्यंत. आणि मी साताऱ्याचा, विषशास्त्रात कॉलेजात पहिला आलेला. पण नातेवाईक दारातून आत येत ते "मामा हाईत का आज?" असं विचारतच. मला त्यांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, अंगाची आग व्हायची.

एकदा शाळेतली चार पोरं उलट्या करत आली. मी दुपारच्या खिचडीवर संशय घेऊन तसं पत्रही लिहायला बसलो. मामांनी पोरांचे खिसे उलटे केले. मोगली एरंडाच्या बिया निघाल्या.

"साळंमागच्या कुपनाला हाय त्ये झाड. ग्वाड लागतंय, मग खात्यात," मामा म्हणाले आणि हसले. बाहेर उभे असलेले मास्तरही हसले. मला वाटलं, मलाच हसले. पत्र मी फाडलं आणि दोन दिवस मामांशी कामापुरतंच बोललो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा आणखी राग आला.

मग तो बागायतदार आला. पस्तिशीचा, तोंडाला फेस, घामानं निथळलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. भर उन्हात वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारत होता. मामा त्या दिवशी माधवनगरला लेकीकडे गेले होते. मला बरं वाटलं. म्हटलं, आज बघा कोण कुणाला वाचवतं.

कपडे काढले, अंग धुतलं, विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू केलं. पुस्तकात असतं ते सगळं केलं. संध्याकाळी माणूस बोलायला लागला. त्याची बायको माझ्या पाया पडली आणि मी तिला पडू दिलं.

सकाळी बघतो तर पुन्हा फेस, पुन्हा घाम. डोस वाढवला, सावरला. तासाभरात परत तेच. मला काही सुचेना. सांगलीला हलवायची चिठ्ठी लिहायला घेतली, पण एवढ्या वाटेत तो टिकेल याची खात्री नव्हती.

तेवढ्यात मामा आले. हातातली पिशवीही खाली ठेवली नव्हती. खाटेपाशी वाकले, हुंगलं आणि त्याच्या डोक्याखालून एक घडी ओढून काढली.

"वैनी, ह्यो टावेल कुनाचा?"

"त्यांचाच की. फवारताना तोंडाला बांधत्यात. इथं उशी नव्हती, म्हनून म्या दिला डोस्क्याखाली."

तोंडात औषध जाऊ नये म्हणून बांधलेला टॉवेल. दिवसभराचं सगळं विष त्यानंच प्यायलेलं, आणि रात्रभर तो त्याच्या ओल्या केसांखाली. कपडे मी मोजून बाहेर काढले होते. उशाकडे पाहिलंच नव्हतं. बाईच्या ध्यानात आलं तशी ती मटकन खालीच बसली. "म्याच मारत हुते व्हय वो त्यांना?"

"न्हाई वं वैनी," मामा म्हणाले. "उशी आमी द्याला पायजे हुती. आमची चूक हाय." आणि बादली आणायला गेले.

डोकं पुन्हा साबणानं धुतलं. अॅट्रोपिन चालूच ठेवलं, पण आता त्याचा गुण राहू लागला. पाचव्या दिवशी तो चालत घरी गेला. गाववाल्यांनी मामांना हार घातला. मी खिडकीतून पाहत होतो. मामा हार काढून कुठं ठेवावा या विवंचनेत होते आणि मला तो हार हवा होता.

पुढच्या महिन्यात सांगलीला डॉक्टरांच्या बैठकीत मी ही केस मांडली. "उशाचा टॉवेल माझ्या लक्षात आला," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. पेपरात फोटोसकट बातमी आली. आमच्या क्लार्कनं ती मामांना मोठ्यानं वाचून दाखवली. मी मान वर केली नाही.

"लय बेस झालं, सायेब," मामा म्हणाले. "तुमी सांगितल्यावर लोक आयकत्यात. आता कुनी टावेल उशाला घ्याचा न्हाई." त्यात टोमणा असता तर मला झोप लागली असती.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. मी जाईन, सांगेन म्हणत राहिलो. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हा गेलो. पाटणच्या वर, डोंगराच्या कडेला दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोनं मला लगेच ओळखलं. भिंतीवर चौकटीत माझाच फोटो होता. पेपरातली ती बातमी.

"आमचं मालक आल्यागेल्याला दावायचं. म्हनायचं, आमच्या सायबानी टावेल हुडकला, मानूस मरू दिला न्हाई."

"मावशी, तो टॉवेल मामांनी शोधला होता. मी खोटं बोललो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "सायेब, आता ते गेल्यात म्हनून काय बी मोठेपना देऊ नगा त्यांना. आमचं मालक जल्मात कवा खोटं बोललं न्हाईत."

मग त्या चहा टाकायला आत गेल्या.