पाळण्याखालची पूड

उंब्रजहून तासगावकडे निघालेल्या गाडीच्या मागच्या सीटवर पाळणा आडवा ठेवला होता. कराडच्या पुढे चहासाठी थांबलो तेव्हा सीटच्या काळ्या कव्हरवर पांढरट पूड दिसली. चिमटीत घेतली. मैद्याइतकी बारीक होती, बोटांना खरखरीत लागत नव्हती. ती झटकली. तासगावला पोहोचेपर्यंत त्याच जागी पूड पुन्हा जमली होती.

पाळणा आमच्या घराण्यातला. घरात मूल जन्मलं की तो उंब्रजच्या चुलतभावाकडून निघतो, ज्या घरी बारसं असेल तिथे जातो आणि मूल चालायला लागलं की परत येतो. नवा पाळणा कुणी विकत घेत नाही. या वेळी तो तासगावजवळ माझ्या बहिणीकडे जायचा होता. तिची एकुलती मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. पाळणा मामाने आणायचा असतो. बाळाला सख्खा मामा नाही, म्हणून ते काम बाळाच्या आईच्या मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

बहिणीच्या घराच्या ओट्यावर पाळणा उतरवला. दिवस बेदाण्याचे होते. घरामागच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती आणि सगळ्या आवारात गोडसर, आंबूस वास भरला होता. मी पाळणा उलटा केला. वरून निळा तैलरंग होता. जिथे तो उडाला होता तिथे खालचा हिरवा दिसत होता आणि त्याच्याखाली लाल. प्रत्येक बारशाला रंगाचा एक हात द्यायची पद्धत होती. चार कोपऱ्यांचे खूर सागवानी होते, जड आणि शाबूत. दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या मात्र नंतर कधीतरी बदललेल्या, फिक्या लाकडाच्या होत्या. तळाच्या फळ्या याच पट्ट्यांवर टेकतात. बाळाचं सगळं वजन त्यांच्यावर येतं.

पट्ट्यांच्या खालच्या अंगाला छिद्रं होती, टाचणीच्या डोक्याएवढी गोल.

साताऱ्याच्या माझ्या घरी काही वर्षांपूर्वी खिडकीच्या चौकटीत हेच झालं होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. इथे माती नव्हती, फक्त पूड होती. हे काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं. तो लाकडाचा गाभा सोडतो आणि कडेचं फिकं, पिठूळ लाकूड खातो. मादी लाकडाच्या बारीक रंध्रांत अंडी घालते. अळी आतल्या आत पोखरत राहते, कधी महिने, कधी वर्षभर. त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. छिद्र पडतं ते भुंगेरा बाहेर येताना. म्हणजे छिद्र दिसतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

बहिणीकडून दाभण मागून घेतलं आणि पट्टीच्या टोकाशी टेकवलं. जोर न लावता ते अर्ध्याहून जास्त आत गेलं.

बहीण बघत होती. "दादा, भोकं कशाला पाडतोस रं?"

"मी नाही पाडली. आधीच आहेत."

दाजी, म्हणजे तिचे यजमान, शेडमधून आले. त्यांनी पट्टीवर बोटाच्या पेराने वाजवलं. आवाज पोकळ आला. त्यांनी दुसऱ्या बाजूला वाजवलं. तिथेही तसाच.

"काय पाव्हणं, आमच्या नातीला पोकळ माल आणलासा व्हय?"

"दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागतील. सागवानी घालून घेऊ. बाकीच्या लाकडाचा रंग खरवडून टाकणखार आणि बोरिक पावडरीचं पाणी पाजायचं. रंगावरून लावलं तर आत जात नाही. आणि तरीही या खेपेला वापरू नये. दात यायला लागले की पोर कठडा चावतं, औषध पोटात जाईल."

"पाळणा कापायचा?" बहीण म्हणाली. "घरात बाळंतीण असताना पाळण्याला करवत लावायची? काय बोलतोस?"

"मग नवा आणू."

"आन् ह्यो? रिकामाच परत धाडायचा? त्यो रिकामा हलवत सुदिक न्हाईत."

हे मला माहीत होतं. रिकामा पाळणा हलवला तर बाळाला बरं नसतं, असं आमच्याकडे घरोघरी मानतात. त्याचा एक परिणाम मात्र कुणाच्या लक्षात आलेला नव्हता. पाळण्याला आधी झोका देऊन, वजन टाकून कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. दर वेळी त्यात पहिलं वजन जायचं ते बारशाच्या दिवशीच.

भाची दारात उभी होती, बाळ खांद्यावर. तिचा नवरा सैन्यात, सीमेवर. तिने ओट्यावर पडलेल्या पुडीकडे पाहिलं आणि आत गेली.

उपाय दाजींनी काढला. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून त्यांच्याकडे गंधकाची धुरी देतात. त्यासाठी शेडला लागून एक बंद खोली आहे. फटी चिखलाने लिंपलेल्या, दाराला रबराची पट्टी. पाटीत गंधक पेटवून दार लावलं की आत मुंगीसुद्धा जिवंत राहत नाही, असं ते म्हणाले.

"धूर वरच्या वर राहील, दाजी. अळी लाकडाच्या पोटात आहे."

"तुमी पेपरवाली मान्सं. आमी रोज किडं मारतो. बागंत काय कमी किडं हायत?" माझी वर्तमानपत्रातली नोकरी ते अशी मधूनमधून काढतात.

पाळणा त्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा सगळ्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोलीच्या जमिनीवर काही मेलेल्या माश्या आणि दोन बारीक तपकिरी भुंगेरे पडले होते. दाजींनी ते तळहातावर घेऊन मला दाखवले.

मी साखळ्या पाहिल्या. लोखंडी कड्या काळवंडल्या होत्या आणि कडांना तांबूस गंज धरला होता. गंधकाचा धूर आणि दमट हवा एकत्र आली की लोखंडाचं असंच होतं. साखळ्या नव्या आणायला दाजी लगेच तयार झाले. लाकडाचा विषय मात्र त्यांच्या दृष्टीने संपला होता. त्यांनी छिद्रांत रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुटी, भरून घेतली आणि वरून निळ्या रंगाचा दाट हात दिला. पाळणा नव्यासारखा दिसू लागला. पूड पडायची थांबली.

मी साताऱ्याला परत आलो. त्या दिवसांत बहिणीचा रोज फोन यायचा. पूड नाही, हे ती न विचारता सांगायची.

बारशाच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचलो. घर सिमेंटचं, नवं. दर्शनी सोप्याच्या स्लॅबला लोखंडी हुक आहेत. त्यांना पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. खाली काळ्या कडप्प्याची फरशी. बायका अजून जमायच्या होत्या. मी माळ बाजूला करून डाव्या पट्टीवरून बोट फिरवलं. जुनी छिद्रं लांबीने बुजली होती. त्यांच्यामध्ये एक नवं होतं. कडा स्वच्छ, आत लाकडाचा ताजा, फिका रंग. हे छिद्र निळ्या रंगाच्या वरून पडलेलं होतं. म्हणजे रंग वाळल्यानंतर कुणीतरी आतून बाहेर आलं होतं. धुरीनंतर. तिथे आणखी काही सिद्ध करायला नको होतं.

भाची आतल्या खोलीत बाळाला टोपडं घालत होती. तिला सांगितलं. ती थोडा वेळ टोपड्याचा बंद बांधत राहिली.

"मामा, सरळ सांग. तुझी नात असती तर ठेवली असतीस?"

"नाही."

"पप्पा म्हणतात एवढंसं पोर, वजन ते काय."

"वजन बाळाचं कमी आहे. झोक्याला ते वाढतं. आणि तुटायचं तर केव्हा तुटेल हे मला सांगता येणार नाही. दाजींनाही नाही."

"आई रडंल आज."



दुपारपर्यंत सोपा भरला. बाळाच्या वडिलांना फोनवर जोडलं होतं आणि तो फोन एका तांब्याला टेकवून ठेवला होता. चेहरा मधूनमधून थिजायचा. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हातात देतात आणि मग आत निजवतात. दगडी वरवंटा तान्ह्या बाळाहून जड असतो. बायकांनी तो निजवला आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली. दोरी बहिणीच्या हातात होती. पाळणा हलला. पट्ट्या टिकल्या. दाजींनी भिंतीजवळून माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहत होतो. प्रत्येक झोक्याला काळ्या फरशीवर एक फिकी रेघ पडत होती. आधी पुसट, मग स्पष्ट. बायकांच्या पायांत ती कुणाला दिसली नाही. भाचीला दिसली.

"आता बाळाला आना," कुणीतरी म्हणालं.

भाची पाटावर बसली होती. ती उठली नाही. तिने बाळाला मांडीवर नीट घेतलं. "इथंच नाव ठेवा."

गाणं थांबलं. बाळाची आत्या पुढे आली. सासरकडून नाव ठेवायला तीच आली होती. "व्हय गं वैनी, आमच्या पोरीला पाळना न्हाई? मांडीवरच वाढवनार का काय?"

"पाळणा हाय की. त्यात वरवंटा निजलाय. एवढं गाणं म्हणून निजवलाय, आता त्याची झोप कशाला मोडता?"

बायका हसल्या. आत्यालाही हसू आलं. "मग त्याच्या कानात बी नाव सांगू का?"

"सांगा की. त्यो काय रडत न्हाई."

नाव मांडीवरच ठेवलं गेलं. आत्याने बाळाच्या कानात सांगितलं, फोनवरचा चेहरा हसताना थिजला, घुगऱ्या वाटल्या गेल्या. बहीण हसली नाही. ती वरवंट्याला झोका देत राहिली, कारण बारशाला पाळणा थांबलेला चालत नाही. दाजी शेडकडे निघून गेले. जाताना मला म्हणाले, "माझी पोर माझ्या धुरीवर इश्वास ठेवीना झाली. पेपरवाल्याच्या बोलन्यावर ठेवती."

जेवणं झाली. पाहुणे पांगले. ऊन उतरायला लागलं होतं, घर सुस्त झालं होतं. भाची आणि बाळ आतल्या खोलीत झोपली होती. मी सोप्यात खुर्चीवर होतो. पाळणा स्थिर होता. वरवंटा अजून आतच होता. रिकामा पाळणा टांगलेला नको म्हणून बहिणीने तो काढू दिला नव्हता. त्या शांततेत पट्टीतून आवाज येत होता. कोरडा, बारीक, मधूनच थांबणारा. कान दिला तरच ऐकू येणारा.

मग डावी पट्टी तुटली. कुणी हात लावलेला नव्हता, वाराही नव्हता. कडाडल्याचा आवाज झाला नाही. ओल्या बिस्किटासारखी ती मध्येच बसली. फळ्या तिरक्या झाल्या आणि वरवंटा कुंचीसकट खाली आला. कडप्प्याची फरशी कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडकली. आत बाळ किंचाळून रडायला लागलं.

बहीण आधी धावली ती आत. बाळ आईला बिलगलेलं आहे हे पाहून बाहेर आली आणि फरशीवर बसली. कुंची उचलून तिने उराशी धरली.

दाजी आले तेव्हा मी तुकडे उलटे करून ठेवले होते. निळा, हिरवा, लाल असे रंगाचे थर कवचासारखे शाबूत होते. आत लाकूड जवळपास नव्हतंच, दाबून भरल्यासारखी पूड होती. तिच्यात पांढऱ्या, वाकड्या अळ्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. दाजींनी एक नखावर घेतली. ती हलली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"जित्ती हाय," ते म्हणाले.

पट्ट्या आणि फळ्या त्यांनी स्वतःच शेडमागे नेऊन जाळल्या. पाळणा जाळू नये, असं कुणी म्हणालं नाही. सागवानी खूर तेवढे उन्हात उभे करून ठेवले. भाचीने आईचं जुनं लुगडं त्याच हुकांना बांधून झोळी केली. दोन्ही हातांनी खाली ओढून, स्वतःचं अर्धं वजन टाकून तिने ती पाहिली. ती रिकामीच होती. कुणी तिला अडवलं नाही.

मी बहिणीला एक प्रश्न विचारला. धुरी दिल्यापासून बारशापर्यंत पाळणा कुठे ठेवला होता?

तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे दाराच्या चौकटीला टेकवून ठेवला होता. चौकट नवी, घराबरोबरच बसवलेली. समोरून पॉलिश होतं. भिंतीकडच्या अंगाला उघडं, फिकं लाकूड होतं.

टॉर्च लावून मी चौकट वरपासून खालपर्यंत तपासली. दाभण टोचून पाहिलं. ते कुठेच आत गेलं नाही. छिद्र नव्हतं, पूड नव्हती.

"काय न्हाई ना?" दाजी म्हणाले.

"अजून काही दिसत नाही."

"म्हंजे न्हाई."

"म्हणजे अजून दिसत नाही, दाजी. अंडी घातली असतील तर कळायला वर्षही लागेल. भुंगेरे बाहेर पडतात ते उन्हाळ्यात."

या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. टाकणखार कुठे मिळतो, किती गरम पाण्यात किती घालायचा, ते नीट विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी चौकटीचं पॉलिश घासून त्यांनी तिला ते पाणी पाजलं, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा. भाची आणि बाळ तोवर पुढच्या खोलीत झोपत होती. बहिणीने बागेतला मल्चिंगचा काळा कागद कापून चौकटीच्या दोन्ही पायांशी अंथरला, पूड पडलीच तर लगेच दिसावी म्हणून.

तो अजून तिथेच आहे. भाची आता सासरी आहे, पण सणावाराला मुलीला घेऊन येते आणि त्याच खोलीत झोपते. बहिणीचा फोन येतो तेव्हा ती आधी नातीचं सांगते, मग कागदाचं. कागद आजवर स्वच्छ आहे. उन्हाळा अजून यायचा आहे.