विमानाला लावलेले कान

धावपट्टीच्या कुंपणाला धरून आम्ही बरंच चाललो होतो, तेव्हा दादा मध्येच थांबला आणि तळहात उघडून बघत राहिला. मी मनात देवाचं नाव घेत होते, तेही थांबलं.

तळहातात आली का, मी विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली.

माझा हा थोरला भाऊ ग्लायडर दुरुस्त करतो. इंजिन नसलेलं, वाऱ्यावर तरंगणारं विमान. लाकूड, कापड आणि सरस यांतच त्याचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आई म्हणायची, याने रंध्याशीच संसार थाटलाय. उडायचा तो आमचा मधला.

मधल्याला वर जास्त वेळ राहायचं होतं, म्हणून दादाने पंखांच्या टोकांना वर वळलेली पाती बसवली. क्लबात सगळे त्यांना कान म्हणू लागले. ग्लायडर खरंच जास्त तरंगू लागलं. पण टोकं जड झाली, कूस बदलायला ते वेळ लावू लागलं. आणखीही एक बदललं, ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. पूर्वी वेग फार उतरला की पडण्याआधी चालवायचा दांडा हातात थरथरायचा. दादा त्याला हुडहुडी म्हणे. हुडहुडी भरली की नाक खाली करून वेग घ्यायचा, हे मधल्याला त्यानेच शिकवलेलं. कान लागल्यावर ती येईनाशी झाली.

मधला एवढंच म्हणाला होता, "दादा, कान लावलेस खरे, पण विमान माझं ऐकत नाही रे."

"घरात तरी तुझं कोण ऐकतं?"

त्याच दिवशी घिरटी घेताना एक पंख खचला आणि मधला गेला.

चौकशीत चूक मधल्याची ठरली. दादाला कुणी बोल लावला नाही. कानांमुळेच हुडहुडी गेली हे त्याला मागाहून उमगलं, पण ते आम्हा दोघांतच राहिलं. तेव्हापासून हुडहुडी त्याच्या तळहातांत येते, कप धरला की, दाराची कडी धरली की. डॉक्टरांना काही सापडत नाही. तो म्हणतो, मधला अजून तिची वाट बघतोय आणि ती चुकून माझ्याकडे येते. मी याला भ्रम म्हणत नाही.

आता मधल्याची मुलगी उडते. बाबांसारखे कान हवेत, म्हणून तिने काकाकडे हट्ट धरला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून त्याने बसवून दिले. उद्या ती त्यांच्यासकट वर जाणार. हुडहुडीचा धडा तिलाही त्यानेच दिलेला.

काढून टाक ते, मी म्हणाले.

"काढले तरी का म्हणून विचारेल." तो कुंपणाच्या तारेला धरून उभा राहिला. "माझ्या तोंडून निघत नाही गं. तू आत्या आहेस तिची. आज घरी गेलीस की सांग. सगळं सांग. माझं नाव गाळू नकोस."