जगनने सांगितलेली तिथी

वेणू कोळीण पनवेलच्या मासळी बाजारात अर्धं आयुष्य बसली, आणि तिथे तिला कुणी फसवल्याचं ऐकिवात नाही. पण घरात एका बाबतीत ती डोळे मिटून विश्वास ठेवायची. भरती-ओहोटी तिथीवर चालते, आणि तिथी सांगणार तिचा नवरा जगन. सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवताना ती विचारायची, "आज कंची?" तो सांगायचा. पाण्याचा हिशोब त्याचा, बाजार तिचा, अशी लग्नापासूनची वाटणी. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते दुधाच्या खाड्यांसाठी.

दोन हजार सात साली तिच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. वॉर्ड बाईसाठी राखीव. एकीकडे कमलाकर शेठची बायको. म्हणजे पोस्टरवर हात जोडणार ती आणि बोलणार कमलाकर. दुसरीकडे कृष्णाबाई, बाजारात वेणूच्या शेजारी बसणारी विधवा. भांडण एकाच गोष्टीचं. खाडीकाठची जाळी वाळवायची जागा कमलाकरला कंटेनरच्या ट्रकांना द्यायची होती. मग कोळ्यांनी जाळी काय त्याच्या गच्चीवर वाळत घालायची?

आजवर वेणूने जगन सांगेल तेच बटण दाबलं होतं. यंदा पहिल्यांदाच तिने आपल्या मनाने ठरवलं, घरोघर फिरून बायकांना बजावलं, आणि जगनलाही सांगून टाकलं, "माजा मत कृष्णाबाईला." जगन जाळं विणत राहिला. तेवढ्यावर भागलं याचं तिला बरं वाटलं.

मतदानाच्या सकाळी चहा पिता पिता जगन म्हणाला, "आज षष्ठी. भांग लागतोय, जाळा काढून आनू. रेतीच्या बार्जी फिरतान, फाडून टाकतील." भांगाच्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, खुंटांना बांधलेलं जाळं तेव्हा सोडून घरी आणतात. एकट्याला ते उचलवत नाही, आणि त्यांचा मुलगा प्रितम सकाळपासून कमलाकरच्या टेबलावर चिठ्ठ्या वाटत बसला होता. "जेवनाच्या वक्ताला घरी येऊ. मंग दोगं जाऊन मत टाकू," जगन म्हणाला. षष्ठीला दुपारच्या आत ओहोटी संपून पाणी फिरतं. वेणूने मतदानाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात खोचलं आणि होडीत बसली.

जाळं निघालं. परतताना जगनने होडी तिवरांमधल्या एका अरुंद फाट्यात घातली आणि पाणी खालून निघून गेलं. होडी चिखलावर बसली. "फिरेल आता पानी," असं म्हणून त्याने बिडी पेटवली. दोघांनी भाकरी खाल्ली. दुपार कलायला लागली तरी पाण्याचा पत्ता नव्हता. साडेपाचला मतदान बंद. वेणू दर थोड्या वेळाने उभी राहून खाडीच्या तोंडाकडे बघायची, आणि जगन तिला खाली बसायला सांगायचा.

मग तिला चंद्र दिसला. पूर्वेला तिवरांच्या वर, भर उन्हात, पांढरा, अर्ध्याहून मोठा. प्रचाराच्या धांदलीत आठवडाभर तिने आभाळाकडे मान वर केली नव्हती, जगन रोज सांगेल ती तिथी धरून चालली होती. षष्ठीचा चंद्र अर्धासुद्धा नसतो. हा नवमीचा होता, आणि नवमीला भरती येते दिवस बुडताना. एखादी तिथी कुणाचीही चुकते. पण ज्याने जन्म होडीत काढला, तो जगन तीन तिथी चुकेल?

"अवो," ती म्हणाली, "आज कंची तिथी?"

जगनने बिडी चिखलात टाकली. मान वर केली नाही.

"कमलाकर प्रितमला कंटेनरच्या यार्डात कामाला लावतोय," तो म्हणाला. "बायकोला आवर म्हनला. तुला घरी अडवली असती तं गावभर तमाशा झाला असता. मारायचा तं मना जमत नाय. माजा पन मत गेलाच ना वेणू! दोगांचा गेला."

मारलं असतं तर परवडलं असतं, असं वेणूला वाटलं. दोन झापडा खाऊन ती मत टाकायला गेली असती. पण याने तिला रोज विचारायच्या प्रश्नात पकडलं होतं. 

तिने होडीच्या तळाची फळी उपसली.

"वेणू, येडी झाली काय? काशिरामचा काय झाला ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. याच चिखलात काशिरामचा पाय रुतला होता आणि भरती आली तेव्हा तो तिथेच होता. वेणू फळीवर पालथी पडली आणि पायांनी रेटत निघाली. लहानपणी चिखलातले निवट्या मासे धरायला ती अशीच जायची. पण तेव्हा वजन केवढं आणि आता केवढं! फळी रुतायची, ती उपटायची, पुन्हा पडायची. कालवांच्या शिंपांनी पोटऱ्या फाटल्या. एकदा डावा पाय मांडीपर्यंत गेला आणि येईचना. "आई एकवीरे, आज नको गं," म्हणून ती मोठ्याने रडली. मागून जगनच्या हाका येत होत्या, "परत ये, वेणू!" त्या हाकांच्या रागानेच तिने पाय ओढून काढला.

मिठागराच्या बांधावर चढली तेव्हा उन्हं उतरली होती. रस्त्यावर रिक्षा दिसली. तिने हात केला. रिक्षावाल्याने तिचा अवतार बघितला आणि वेग वाढवला. तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि अनवाणी धावत सुटली.

शाळेचं फाटक पोलीस ओढून घेतच होता. वेणू त्याच्या हाताखालून आत घुसली आणि रांगेच्या शेवटी जाऊन मटकन बसली. "मावशी, उठा, हे काय!" तो ओरडला, पण रांगेतल्यांना द्यायची शेवटची चिठ्ठी तिच्याच हातात दिली. आत कमलाकरच्या माणसाने हरकत घेतली, "ही कोन बाय? ओळख पटत नाय." हाच माणूस गणपतीत तिच्या घरी तीनदा जेवला होता. साहेबाने तिला तोंड धुवायला लावलं, कार्ड बघितलं. बोटाला शाई लावायची तर बोट सापडेना. पदराला पुसायचं तर पदर कुठला कोरडा! शेवटी साहेबाने आपला रुमाल दिला. वेणूने बटण दाबलं. यंत्राचा आवाज येईपर्यंत बोट काढलं नाही.

फाटकाबाहेर कमलाकर उभा होता. तिला बघून त्याचं तोंड उतरलं. "जगन कुटं?"

"तुमचा काम करून होडीत बसलाय," वेणू म्हणाली.

कृष्णाबाई पडली. थोडक्यात नव्हे, चांगलीच पडली. वाळवणीच्या जागेवर ट्रक उभे राहिले, आणि प्रितमला यार्डातून चार महिन्यांत घरी पाठवलं. वेणूने जगनशी भांडण केलं नाही, माहेरीही गेली नाही. मतदानाच्या दुसऱ्या सकाळी तिने चहा ठेवला आणि काही विचारलं नाही. जगन वाट बघून आपणच म्हणाला, "आज दशमी." ती उठली आणि कॅलेंडरवर बघून आली. पुढेही तेच चालू राहिलं.

आता दहा वर्षं झाली. जगनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याला कॅलेंडर दिसत नाही, चंद्रही दिसत नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन तोच विचारतो, "आज कंची गं?" वेणू सांगते. एकदाही तिने खोटी तिथी सांगितलेली नाही. तरी चहा संपला की जगन भिंत चाचपत शेजारी तुळशीरामकडे जातो आणि हळूच पुन्हा विचारून येतो.